डाक बंगल्यातलं भूत आणि आमचे नाना

माझी भाची इंग्लंडमध्ये शिकते. मागच्या हिवाळ्यात तिनं एक फोटो पाठवला. खेडेगावातला जुना पब, ठेंगणं छत, काळ्या पडलेल्या तुळया, कोपऱ्यात शेकोटी, आणि तिच्या पुढ्यात तळलेला मासा नि बटाट्याच्या जाड काचऱ्या. खाली लिहिलेलं, 'मामू, इथं भूत आहे म्हणे. मेनूकार्डावरच छापलंय.' पाठोपाठ दुसरा मेसेज, 'मी फक्त मासा खाल्ला. पण अम्मीला सांगू नका पब होता म्हणून.' मी सांगितलं नाही. माझी बहीण माझं लिहिलेलं काही वाचत नाही, त्यामुळे इथं सांगायला हरकत नाही.

तिकडे जुन्या पबला भूत असणं ही धंद्याची गोष्ट आहे. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनच्या माळावर 'जमैका इन' नावाची १७५० सालची सराई आहे. दाफ्ने द्यु मॉरिए या लेखिकेनं १९३६ साली तिच्या नावानं कादंबरी लिहिली, आणि लोक आता तिथं जेवायला जातात तसे भुतासाठीही जातात. आपल्याकडे सगळं उलटं. एखाद्या लॉजमध्ये भूत आहे अशी कुजबुज झाली की मालक आधी पूजा घालतो, मग रंग काढतो, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर बोर्डावरचं नाव बदलतो.

'आपल्याकडे आहे का असं काही?' भाचीनं विचारलं होतं. अकोल्याच्या मामूला पबचं काय विचारतेस बाई, असं लिहिणार होतो. पण मग लक्षात आलं की जुनी इमारत, परक्या मुलखातलं जेवण आणि ताटाबरोबर तोंडी लावायला भूत, हे आपल्याकडे चांगलं शंभर-दीडशे वर्षं चाललं. फक्त त्याला आपण डाक बंगला म्हणायचो. आणि त्या मुलीला हेही कुणी सांगितलेलं नाही की तिच्या अम्मीचे नाना, म्हणजे माझेही नाना, अशाच एका भुताच्या बंगल्यात खानसामा होते.

डाक बंगले इंग्रजांनी रस्त्यारस्त्यावर बांधले. घोड्याची डाक बदलायची तिथं साहेबानं पाठ टेकायची, जेवायचं, पुढं निघायचं. उंच छत, रुंद व्हरांडा, दोन-तीन खोल्या, मधे जेवणाचं लांब टेबल. स्वयंपाकघर मात्र मुख्य इमारतीपासून तोडून मागच्या अंगाला, धूर, वास आणि आगीची भीती नको म्हणून. एक चौकीदार, एक खानसामा. साहेबाचा टांगा दिसला की खानसाम्यानं अंगणातली कोंबडी धरायची. साहेब हातपाय धुऊन बसेस्तोवर ती ताटात. या पदार्थाला अँग्लो-इंडियन बोलीत 'सडन डेथ' म्हणजे 'अचानक मृत्यू' असं नाव होतं. माझा विनोद नव्हे हा, १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या शब्दकोशात ते नोंदलेलं आहे.

खानसामा हा शब्द मात्र कोंबडीच्या मानानं फारच मोठा. मुघल दरबारात 'खान-ए-सामान' म्हणजे बादशहाच्या सगळ्या घरकारभाराचा, कोठाराचा, कारखान्यांचा प्रमुख. वजनदार उमराव. ती पदवी घसरत घसरत डाक बंगल्याच्या चुलीपर्यंत आली. साहेबाच्या स्वयंपाकात गोमांस असायचं म्हणून वरच्या जातीचे हिंदू आचारी तिथं फिरकत नसत, आणि ती जागा बऱ्याच ठिकाणी आमच्या लोकांकडे आली. डुकराचा प्रश्न आमच्या लोकांनी कसा सोडवला, ते ज्यानं त्यानं आपापल्या नानांना विचारावं. आमचे नाना सांगायचे, 'चिखलदऱ्याला कोण वर आणतो डुक्कर.' एवढ्यावर विषय संपायचा.

चिखलदरा म्हणजे वऱ्हाडचं थंड हवेचं ठिकाण. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, अमरावतीहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली इथं पोहोचला, आणि खाली एलिचपूरच्या छावणीत उन्हानं भाजून निघणाऱ्या गोऱ्यांना दम घ्यायला जागा मिळाली. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, आणि छावणी म्हणजे परतवाडा. पुढं मध्य प्रांत आणि वऱ्हाड एक झाले तरी सरकार उन्हाळ्यात पचमढीला जायचं. चिखलदरा राहिला तो आपल्या वऱ्हाडातल्या साहेबांचा. कॉफीची झाडं आली, बंगले आले, आणि बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत अचलपूरचे मुसलमान आले. नाना त्यांतलेच. पोरवयात भांडी घासायला म्हणून चढले आणि गुडघे गेले तेव्हा उतरले. मधे छत्तीस वर्षं गेली. मधेच देशही स्वतंत्र झाला. गोरे साहेब गेले, काळे साहेब आले, टेबल तेच राहिलं. कागदावर नाना शेवटपर्यंत रोजंदारीवर. बंगल्याचं आणि खात्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना कायम केलं नाही ते आता कबरीत किंवा राखेत आहेत.

तर भुताची गोष्ट. ती मी लहानपणी अचलपूरच्या अंगणात शंभरदा ऐकली आहे. पावसाळ्यातली रात्र. एक गोरा साहेब घोड्यावरून भिजत येतो, अंगात ताप. टेबलाशी बसतो आणि म्हणतो, खाना लाव. खानसामा कोंबडी कापतो, सोलतो, भाजतो, घेऊन येतो, तर साहेब खुर्चीत मरून पडलेला. तेव्हापासून रात्री दहानंतर, दिवे मालवले की डायनिंग हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग चिनी मातीच्या बशीवर काटा-चमचा वाजतो. साहेब अजून जेवायचा थांबलाय. म्हणून पाहुण्यांनी दहानंतर खोलीचं दार लावून घ्यावं आणि काही झालं तरी हॉलमध्ये येऊ नये. साहेब कोण, कुठल्या सालचा, हे कधीच ठरलं नाही. नाना जंगलखात्याच्या पाहुण्याला सांगायचे की तो फौजी होता, आणि फौजी पाहुण्याला सांगायचे की तो जंगलखात्यातला. आपल्या खात्याचं भूत कुणालाच आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा गोष्टींत खानसामा असतोच. रुडयार्ड किपलिंगची 'माय ओन ट्रू घोस्ट स्टोरी' ही कथा डाक बंगल्यातलीच आहे. १८८८ साली ती पुस्तकात आली. रात्री शेजारच्या खोलीत बिलियर्डचे चेंडू आपटल्याचा आवाज येतो, लेखकाची बोबडी वळते. सकाळी म्हातारा खानसामा सांगतो की इथं एके काळी रेल्वेच्या साहेबांची बिलियर्डची खोली होती, आणि एक साहेब खेळता खेळता गेला. लेखकाला भूत मिळाल्याचा केवढा आनंद! मग कळतं की छताच्या कापडावर उंदीर पळत होता आणि खिडकीची चौकट सैल होती. किपलिंग त्या म्हाताऱ्याला बहुतेक ठिकाणी खानसामाच म्हणतो.

आता आमच्यातलं थोडं. आमच्या दिनात भूत बसत नाही. माणूस मेला की त्याची रूह बरझखमध्ये जाते आणि कयामतपर्यंत तिथंच राहते. जेवायला परत येत नाही. जिन्न मात्र आहेत. ते वेगळी मखलूक, धूर नसलेल्या आगीपासून घडवलेले. कुरआनात त्यांच्या नावाची ७२वी सूरह आहे. आणि जिन्नांना भूक लागते. हदीसमध्ये येतं की ज्या हाडावर अल्लाहचं नाव घेतलं गेलं, म्हणजे ज्या जनावराला बिस्मिल्ला म्हणून कापलं, ते हाड जिन्नांच्या हाती पडलं की पुन्हा मांसानं भरतं. ती त्यांची खुराक. म्हणून नाना साहेबाच्या ताटातली हाडं उकिरड्यावर टाकायचे नाहीत. बावर्चीखान्यामागं एका झाडाखाली नेऊन ठेवायचे. कोंबडी ते स्वतः कापायचे, अर्थातच बिस्मिल्ला म्हणून. म्हणजे चिखलदऱ्याला येऊन गेलेल्या कितीतरी साहेबांनी, नकळत का होईना, वर्षानुवर्षं हलालच खाल्लं.

नाना पाच वक्ताचे नमाजी. भुतावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मग तीच गोष्ट इतकी वर्षं, इतक्या रसाळपणे, वेळ दहाची म्हणजे दहाचीच ठेवून ते का सांगत राहिले, हा प्रश्न मला पंचावन्न वर्षांत पडला नाही. अम्मीला नेलं तेव्हा पडला.

अम्मी आता ब्याऐंशीची आहे. भाचीचा फोटो मी तिला दाखवला (पब हा शब्द गाळून). तिनं तो नाकाजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, 'ऐसाइच था अब्बा का बंगला. अंदर से मैं देखीच नै.' अम्मी लहानपणी चार-सहादा चिखलदऱ्याला गेली होती, पण पोराबाळांना बावर्चीखान्याच्या पुढं यायला मनाई. तिला आठवतं ते मागचं दार, धुराची खोली, आणि लांबवर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांत बसलेले पाय. चेहरे नाहीत, पायच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, बायको आणि अम्मी निघालो. अकोल्याहून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा रस्ता. अकोटच्या पुढं उजवी-डावीकडे संत्र्यांचे ट्रक, अंजनगावला विड्याच्या पानांचे मळे. शाळेत मी इतिहास शिकवतो, त्यामुळे गाडीत माझी टकळी चालू असते. हा सगळा पट्टा १८०३च्या हिवाळ्यात तुडवला गेलेला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ला भोसल्यांशी देवगावचा तह, ३०ला शिंद्यांशी याच अंजनगावात तह. गाविलगड घेणारा आर्थर वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनच्या पुढं उभा राहिला, तेव्हा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला होता. अम्मी म्हणाली, 'हौ, पर मुर्गी किधर से लेना है?'

परतवाड्याला ओळखीच्या दुकानातून मुर्गी कापून घेतली. आमच्या लोकांचा हा जुना रिवाज आहे, वर कुणी कापली कशी कापली याची भानगड नको. डझनभर अंडी घेतली, दूध घेतलं.

घाटात बायकोनं अम्मीला कीचकाची गोष्ट विचारली. अम्मीला ती तोंडपाठ आहे, चिखलदऱ्याचं पाणी प्यालेल्या कुणालाही असते. पांडव अज्ञातवासात विराटाच्या दरबारी राहिले. राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक द्रौपदीच्या मागं लागला. भीमानं त्याला रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत गाठून ठेचलं आणि इथल्या दरीत फेकलं. कीचकदरा, त्याचा चिखलदरा. जवळच भीमकुंड आहे, तिथं भीमानं हात धुतले म्हणतात. मी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल, पण त्या दिवशी घाटाच्या एका वळणावर पहिल्यांदा जाणवलं की त्या वर्षी भीम विराटाच्या मुदपाकखान्यात होता. बल्लव नाव घेतलेला आचारी. दिवसा राजाला वाढायचं आणि रात्री अंधारात, साहेब एकटा सापडेल तिथं... गावाला नाव मात्र मिळालं कीचकाचं. आचाऱ्याच्या वाट्याला हात धुवायचं कुंड.

बंगला अजून उभा आहे. कौलं बदललीत, न्हाणीघरात गिझर आलाय, पण हॉल तोच असावा. उंच छत, विझलेली शेकोटी, भिंतीवर सांबराचं शिंगाडं. मधे लांब काळपट टेबल आणि आठ खुर्च्या. स्वयंपाकाला एक तिशीचा पोरगा आहे, खालच्या गावचा. मुर्गीची पिशवी हातात घेत म्हणाला, 'बरं झालं तुमीच आणली जी. इथं आता सांगितल्याबिगर भेटत नाई.' मी त्याला हळूच विचारलं, 'इथं भूत आहे म्हणतात, खरं का?' तो माझ्याकडे पाहून हसला. 'लोकं म्हंतात साहेब. मले तर काई दिसलं नाई. दहा वाजता मी घरी जातो.'

दहा. गोष्टीतले दहा अजून चालू आहेत म्हणजे. पोराला ते कुणी सांगितलं ते त्यालाही आठवेना. आधीच्या माणसानं सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्यानं.

संध्याकाळी बायको आणि तो पोरगा मिळून कॅरमल कस्टर्ड करायला बसले. ही अम्मीची फर्माईश. नाना महिन्या-दोन महिन्यांनी घरी उतरायचे तेव्हा डब्यातून ते आणायचे. साहेबाचं उरलेलं. चिखलदऱ्याहून परतवाड्यापर्यंत लॉरीत हिंदकळत यायचं, त्यामुळे डबा उघडला की आत पिवळ्या फुटक्या तुकड्यांचा तपकिरी पाण्यात काला झालेला असायचा. नानीच्या घरात त्याला 'टूटा मीठा' म्हणत. पाचही भावंडं त्याच नावानं ओळखतात. बायकोनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. साखर जाळली, अंडी-दूध फेटलं, भांड्यात पाणी घालून वाफवलं. जेवणाच्या वेळी पोरानं ते बशीत उलटं केलं तर अखंड, चकचकीत, डुलणारं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अम्मी बराच वेळ बघत राहिली. 'ये वो नै,' म्हणाली, आणि बशी बाजूला सरकवली.

पण ते नंतर. आधी बसायचंच जमत नव्हतं. मी टेबलाच्या शेंड्याची, हातांची खुर्ची तिच्यासाठी ओढली. ती बसेना. पदरानं खुर्चीची पाठ पुसली, जणू घरी पाहुणा आलाय, आणि उभीच राहिली. मग दाराकडच्या टोकाची एक बिनहाताची खुर्ची दाखवून म्हणाली, 'अब्बा वो वाली पे बैठते थे.'

मी म्हटलं, 'नाना? ते कधी बसायचे इथं?'

'रात कू. साब लोगां सोये के बाद.'

आणि तिनं सांगितलं ते असं. दिवसभर नाना खुर्च्यांच्या मागं उभे. सकाळची चहा-टोस्ट, दुपारचं, संध्याकाळचं, रात्रीचं. वाढायचं, काढायचं, पुन्हा वाढायचं. मागच्या खोलीत धूर आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारा गारठा. हॉलमध्ये शेकोटीतले निखारे अजून ऊबदार. सगळी दारं लागली की नाना हात-तोंड धुऊन यायचे, दाराकडची खुर्ची ओढायचे, साहेबाच्याच बशीत स्वतःला वाढून घ्यायचे आणि जेवायचे. काट्या-चमच्यानं. 'अम्मा कू बोले थे. अम्मा हस हस के लोट गई. बोली, तुम कांटे से खाते?' हे ती मला सांगत होती तेव्हा स्वतःही हसत होती.

मी विचारलं, 'आणि भूत?'

'भूत नै रहता तो कोई भी उठ के आ जाता ना अंदर.' दुधावर झाकण का ठेवायचं हे सांगावं इतक्या सहज. तिच्या लेखी यात गुपित असं काही नव्हतंच. मीच कधी विचारलं नव्हतं. पोरांना भुताचा भाग आवडायचा, त्यामुळे तेवढाच सांगितला गेला.

मी पोळीचा घास हातात धरून बसलो होतो. रस्सा चांगला तिखट झाला होता, वऱ्हाडी, वर बोटभर तेल. एकीकडे भूक लागलेली, दुसरीकडे डोक्यात ती खुर्ची. गाविलगड इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या १५ डिसेंबरला किल्लेदार बेनीसिंगासह तिथली शिबंदी कापली गेली, एका दिवसात. गडावर मशीद आहे, तलाव आहेत, तोफा पडून आहेत. तिथल्या मेलेल्यांपैकी कुणी या बंगल्यात येऊन कधी चमचा वाजवला असं मी ऐकलेलं नाही. कोरकू लोकांनी या डोंगरात किती पिढ्या घालवल्या, त्यांचंही कुणी इथं जेवायला येत नाही. डाक बंगल्याचं भूत गोरंच असतं, आणि ते साहेबच असतं. मेल्यावरसुद्धा खुर्चीत बसायचा अधिकार त्याचाच. नानांना हे चांगलं ठाऊक होतं. खानसामा टेबलाशी बसलाय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. साहेब बसलाय म्हटल्यावर सगळे आदरानं दार लावून आत थांबायचे. छत्तीस वर्षं आपल्याच जेवणाच्या आवाजाला त्यांनी साहेबाचं नाव दिलं, आणि गरम जेवले. याचा राग यावा की हसू, माझं अजून ठरलेलं नाही. अम्मीला मात्र रागाचं कारणच दिसत नाही.

जेवायला ती शेवटी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. दाराकडची रिकामीच ठेवली.

दहाला पोरगा गेला. चौकीदार फाटकाजवळच्या खोलीत. थंडी अशी की रजईच्या आत स्वेटर. अकराच्या सुमारास छतावर दुडदुड सुरू झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उदमांजर. आमच्याकडे त्याला मसण्याऊद म्हणतात, नावातच मसण. किपलिंगच्या उंदराचा हा थोरला भाऊ. एवढ्यानं घाबरायचं माझं वय नाही. डोळा लागतच होता, तेवढ्यात हॉलमध्ये खुर्ची सरकली.

खरं सांगतो, एक क्षण अंगावर काटा आला. फरशीवर लाकूड घासल्याचा तो आवाज मी लहानपणापासून नुसता ऐकूनच ओळखत होतो. मग बशीवर चमचा.

दार किलकिलं केलं. कोपऱ्यातला छोटा बल्ब जळत होता. अम्मी दाराकडच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावरून शाल घेऊन. पुढ्यात कस्टर्डची बशी. तिनं त्याचा चमच्यानं पार काला केला होता आणि सावकाश खात होती. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

'सो जा,' म्हणाली.

मी दार लावून घेतलं.

सकाळी चौकीदारानं कपाटातून पाहुण्यांचं जुनं अभिप्रायाचं पुस्तक काढून दिलं. पन्नास-साठच्या दशकातली पानं, शाई विटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. इंग्रजीत साहेबांचे शेरे. हवा छान, पलंग कडक, वाघ दिसला नाही. जेवणाविषयी बरंच होतं. कुणाला कोंबडी चिवट लागली, कुणी पुडिंगची तारीफ केलेली, कुणी पावसात उशिरा पोहोचूनही गरम सूप मिळाल्याबद्दल आभार मानलेले. मी एकेक पान उलटत नानांचं नाव शोधत होतो. अम्मी चष्मा लावून शेजारी. तिला इंग्रजी येत नाही.

'अब्बा का नाम है?'

'खाने की तारीफ है, अम्मी. बहुत जगह.'

'नाम?'

'खानसामा लिखा है.'

'हां, तो वोइच,' ती म्हणाली आणि समाधानानं पान उलटायची खूण केली.

निघताना एक गोष्ट राहिली होती. रात्रीची हाडं. अम्मीनं ती कागदात वेगळी बांधून ठेवली होती, बावर्चीखान्यामागच्या झाडाखाली ठेवायला. मागं आता झाड नाही, पाण्याची टाकी आहे. आणि तो पोरगा हात जोडून आडवा आला. 'आजी, बाहेर काई टाकू नका जी. अस्वल येते, बिबट्या येते. आमाले बोलणी बसतात.' त्याचं बरोबर होतं. हा मेळघाट, चहूकडे वाघांचं जंगल. मी अम्मीला समजावलं की डब्यात टाकू, नगरपालिकेची गाडी नेते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

घाट उतरेपर्यंत ती पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या पायाशी होती. गाडीत वास सुटला, बायकोनं काच खाली केली. परतवाडा गेलं. अचलपूरला मामांच्या घरी चहाला थांबलो तेव्हा अम्मी आत न जाता काठी टेकत परसात गेली, कडुनिंबाखाली वाकून पुडी सोडली आणि हाडं एकेक करून मांडून ठेवली. मी मागं उभा होतो.

'बिस्मिल्ला बोल के काटी थी ना उनो?' तिनं विचारलं.

म्हटलं, 'हौ.'

'चल फिर. चाय ठंडी हो रही.'